वसतिगृहे उभारणाऱ्या चळवळीने आता म्हाताऱ्या माणसांच्या छपराचा प्रश्न हाती घ्यावा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आईबापाचे बोट धरून नागपूरच्या दीक्षाभूमीवर आलेले दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. १९७२ साली पंचविशीत असताना दलित पँथरच्या मोर्चात घोषणा देणारा तरुण आज ऐंशीला टेकला आहे. १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांच्या नामांतर लढ्यात ज्या बायांनी लाठ्या खाल्ल्या, ज्यांची घरे मराठवाड्यात जाळली गेली, त्यांच्यापैकी बहुतेकींनी साठी केव्हाच ओलांडली आहे. ही पिढी आज कुठे राहते? कोणाबरोबर राहते? ज्या छपराखाली झोपते ते कोणाच्या नावावर आहे? आपल्या सभांत, शिबिरांत, फेसबुकवरच्या वादांत हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का?

दरवर्षी जयंतीला आपण या माणसांना व्यासपीठावर बोलावतो. 'ज्येष्ठ कार्यकर्ते' म्हणून शाल देतो, पुष्पगुच्छ देतो, फोटो काढतो. कार्यक्रम संपला की ती शाल खांद्यावर टाकून तो माणूस कोणत्या खोलीत परत जातो, तिथे त्याची खाट मावते की नाही, रात्री लघवीला उठावे लागले तर संडास किती लांब आहे, हे विचारायची आपल्याला सवय नाही. आपल्याकडे माया नाही असे आम्ही म्हणत नाही. हा प्रश्न चळवळीचा आहे असे आपल्याला वाटतच नाही, हे आमचे म्हणणे आहे. तो आपण घरगुती ठरवून टाकला आहे. म्हातारपणी कोण कुठे राहणार हा घरातल्या संस्कारांचा प्रश्न नाही, तो जमिनीचा, मजुरीचा, जातीचा आणि राज्यघटनेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवा. हे आम्ही या लेखात मांडणार आहोत.

संस्कारांची गोष्ट कोणाची?

मराठी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि संध्याकाळच्या मालिका वृद्धांची एक ठरलेली गोष्ट सांगतात. मुलगा अमेरिकेत, आईवडील पुण्यात, मोठा बंगला रिकामा, शेवटी वृद्धाश्रम. तात्पर्य काय, तर संस्कार कमी पडले, पाश्चात्त्यांचे अनुकरण झाले, आपली थोर एकत्र कुटुंबपद्धती मोडली. ज्यांच्याकडे बंगला आहे, पेन्शन आहे, परदेशात गेलेला मुलगा आहे, त्यांची ही गोष्ट आहे. तिच्यातले दुःख खोटे नाही. पण ती अख्ख्या महाराष्ट्राची गोष्ट म्हणून सांगितली जाते तेव्हा आपले आजी-आजोबा त्या चित्रातून गायब होतात.

आपल्याकडे मुलगा आईबापाला सोडून जातो तो गावात पोट भरत नाही म्हणून. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले, गावकीची गुलामी सुटली, पण बहुसंख्यांच्या हाती पोटापुरती जमीन आली नाही. त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले. आज बीड जिल्ह्यातली जोडपी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळा लागता लागता परततात. तोवर वस्तीत उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. कोण कोणाला सांभाळते, हे तिथे ठरवणे कठीण असते. सत्तर वर्षांची आजी पाणी भरते, भाकरी थापते, पोरांना शाळेत धाडते, आणि स्वतः तापाने फणफणली तर शेजारीण गोळी आणून देईल या भरवशावर पडून राहते.

दुसरा मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला लागतो. दहा बाय बाराची खोली चौघे मिळून भाड्याने घेतात. लग्न झाल्यावर तो वेगळी खोली शोधायला निघतो तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग 'आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही' असे सांगतो. खोली मिळते ती वस्तीच्या टोकाला, पत्र्याची. तिथे तो आईबापाला कसा आणणार? या मुलाचे संस्कार कमी पडलेले नाहीत. त्याची खोली कमी पडली आहे, त्याचा पगार कमी पडला आहे. वरच्या जातवर्गाच्या अपराधगंडातून आलेली भाषा आपण जशीच्या तशी उचलली, तर आपल्याच शोषित पोराला आपण गुन्हेगार ठरवू.

आणि ज्या एकत्र कुटुंबाचे एवढे गोडवे गायले जातात ते कोणाच्या श्रमावर उभे होते? सुनेच्या. म्हाताऱ्यांचे गू-मूत काढायचे, पथ्याचे शिजवायचे, रात्री जागायचे, आणि संपत्तीत मात्र तिचे नाव नाही. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी 'आजकालच्या सुना सांभाळत नाहीत' हे पालुपद म्हणावे, यासारखी विसंगती नाही. आपल्या वस्त्यांत सून सकाळी चार घरची धुणीभांडी करते, दुपारी घरचे करते, आणि संध्याकाळी सासूशी तिचे भांडण होते. सासूनेही आयुष्यभर हेच केलेले असते. त्या दोन कष्टकरी बायकांना एका खोलीत कोंडणारी व्यवस्था बाहेर मोकळी राहते, आणि दोष मात्र त्यांच्या स्वभावांना दिला जातो.

धम्माचा दाखला इथे नीट समजून घेतला पाहिजे. सिगालोवाद सुत्तात बुद्ध गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ समजावतात. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, त्यांचे पालनपोषण हे मुलाचे कर्तव्य. प्रवचनांत आपण साधारण इथेच थांबतो. पण त्याच सुत्तात आईवडिलांचीही मुलांप्रती कर्तव्ये आहेत, नवऱ्याची बायकोप्रती आहेत, आणि कामकऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी हे मालकाचे कर्तव्यही आहे. म्हणजे हे नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. 'आईबाप म्हणतील ती पूर्व दिशा' अशी एकतर्फी आज्ञाधारकता त्यात नाही. शिवाय, ज्यांनी एखाद्या माणसाची चाळीस वर्षे मेहनत घेतली त्यांच्यावर त्याच्या म्हातारपणाची जबाबदारी येते, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. मग ज्या शहराचा कचरा त्याने उचलला, ज्या कारखान्याची पोती त्याने वाहिली, ज्या रस्त्याची खडी त्याने फोडली, त्या शहराचे, कारखान्याचे, राज्याचे त्याच्याप्रती काहीच कर्तव्य नाही का?

छप्पर कोणाच्या नावावर?

म्हातारपणी माणसाचा आधार दोन गोष्टींचा असतो. हाती येणारा पैसा आणि नावावरचे घर. आपल्या बहुसंख्य ज्येष्ठांकडे दोन्ही नाहीत, आणि ही परिस्थिती योगायोगाने आलेली नाही.

गावात पाहू. किती तरी बौद्धवाडे गायरानावर आहेत. तीस-चाळीस वर्षे राहून, घरपट्टी भरूनही जागा नावावर होत नाही. जागेचा कागद नाही म्हणून घरकुल अडते. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. तिच्यातून २६९ चौरस फुटांचे घर मिळते, पण त्यासाठी स्वतःची जागा किंवा कच्चे घर लागते, आणि लाभ कुटुंबात एकालाच मिळतो. आता त्या २६९ चौरस फुटांत म्हातारा-म्हातारी, मुलगा-सून आणि दोन नातवंडे, अशी सहा माणसे बसवून पाहा. माणशी पंचेचाळीस चौरस फूटसुद्धा येत नाहीत. त्यातच चूल, त्यातच मोरी, त्यातच पोरांचा अभ्यास. अशा घरात म्हाताऱ्याची खाट पडवीत जाते, मग अंगणात, मग विहाराच्या ओट्यावर. आम्ही वस्त्यांवर काम करताना हा प्रवास इतक्या घरांत पाहिला आहे, की त्यात कुणा एका घराचा दोष आम्हाला दिसत नाही.

शहरातही वेगळे नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५ चौरस फूट मिळत, मग २६९ झाले, आता ३००. झोपडीच्या दारात ओटा होता, शेजारीण होती, बसायला नाक्यावर कट्टा होता. पुनर्वसनाच्या इमारतीत नववा मजला मिळाला आणि लिफ्ट बंद पडली की पंचाहत्तर वर्षांच्या आजीला खालचे जगच बंद होते. एका इमारतीत आम्हाला एक आजी भेटल्या, त्या आठ महिने खाली उतरल्या नव्हत्या. त्यांना पक्के घर मिळाले होते, पण वस्ती हरवली होती. पुनर्वसनात बालवाडी असते, कल्याण केंद्र असते, सोसायटीचे कार्यालय असते. म्हाताऱ्यांना दिवसभर टेकायला खालच्या मजल्यावर एक खोली असावी, चालता न येणाऱ्यांना खालचे मजले आधी द्यावेत, अशी मागणी आपल्या किती नगरसेवकांनी लावून धरली?

सफाई कामगारांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. महापालिकेच्या वसाहतीतली खोली नोकरीला जोडलेली असते. निवृत्तीच्या दिवशी पगार थांबतो आणि खोली सोडायची वेळ येते. तीस वर्षे गटारात आणि कचऱ्यात काढलेल्या माणसाचे छप्पर टिकवायचे तर त्याच्या मुलाने किंवा सुनेने लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाहक्काची तीच नोकरी घ्यायची. म्हणजे बापाला घरात ठेवायचे तर पोराने हाती झाडू धरायचा. शिकून दुसरे काही करायचे म्हटले तर म्हातारे आईबाप रस्त्यावर! जातीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या कसा चालू राहतो याचे उत्तर शोधायला पोथ्या उघडायची गरज नाही, घरभाड्याची ही एक अट वाचली तरी पुरे. २५ वर्षे सेवा झालेल्या सफाई कामगारांना मालकीचे घर देण्यासाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे. आपल्या गावच्या नगरपालिकेत किती जणांना ते घर मिळाले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला किती वेळ लागतो?

सरकारचे गणित

संविधानाच्या कलम ४१ मध्ये राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत बेकारी, आजार, अपंगत्व आणि वार्धक्य या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. वार्धक्य हा शब्द संविधानात आहे, हे आपण आपल्या भाषणांत फारसे सांगत नाही.

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. त्याचा मुख्य भर मुलांकडून पोटगी वसूल करण्यावर आहे. महिन्याला कमाल १० हजार रुपये. ज्याचा मुलगाच कंत्राटावर बारा हजार कमावतो, त्या बापाने काय वसूल करायचे? ज्यांच्या मुलांकडे आहे त्यांच्यासाठी हा कायदा उपयोगी आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण गरिबाच्या बाबतीत तो राज्याची जबाबदारी मुलाच्या रिकाम्या खिशात ढकलतो.

याच कायद्याचे कलम १९ बघा. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक आणि किमान १५० जणांना पुरेल असा वृद्धाश्रम राज्य सरकार टप्प्याटप्प्याने स्थापन 'करू शकेल'. 'करील' नव्हे, 'करू शकेल'. आता हिशेब मांडा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. प्रत्येक जिल्ह्यात १५० जागा खरोखर झाल्या असे धरले तरी ५,४०० जागा होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले साठीपुढचे लोक होते सुमारे १ कोटी ११ लाख. म्हणजे किमान तरतूद पूर्ण पाळली तरी दोन हजार ज्येष्ठांमागे एक जागा पडते.

पेन्शनचे पाहू. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्या निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. म्हणजे अख्ख्या कुटुंबाचे महिन्याचे १,७५० रुपये. रोजगार हमीचा मजुरीचा दर २०२४-२५ साली महाराष्ट्रात २९७ रुपये होता. घरातल्या एकाने हमीचे शंभर दिवस काम केले तर होतात २९,७०० रुपये. म्हणजे सरकारने हमी दिलेले काम केले की त्याच सरकारच्या लेखी तुमची आई निराधार उरत नाही! मग गरिबातल्या गरिबालाही खोटा वाटावा असा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. तो काढून देणारा एजंट पैसे घेतो, आणि पुढे कधीही 'दाखला खोटा आहे' म्हणून पेन्शन बंद करायची तलवार तिच्या डोक्यावर टांगलेली राहते. हक्काच्या पैशासाठी माणसाला आयुष्यभर मिंधे ठेवायची ही रीत आहे. आपल्या वस्त्यांवर कोणत्या पुढाऱ्याची पकड का असते, याचे एक उत्तर या दाखल्यांत आहे.

वृद्धाश्रमाच्या दारातली जात

मग संस्थांचे वृद्धाश्रम आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत. त्यांतल्या काहींत मनापासून सेवा होते, आम्ही ती पाहिली आहे. पण आमच्या कामात निराधार माणसाला दाखल करायला आम्ही अशा संस्थांच्या दारात गेलो तेव्हा आणखीही काही पाहिले. अर्जावर जातीचा रकाना का हवा, याचे उत्तर मिळाले नाही. 'आमच्याकडे सगळे एकत्र जेवतात हो, पण तुमच्या आजींना जमेल का?' असे गोड आवाजात विचारले गेले. सकाळ-संध्याकाळ आरती, एकादशीला सगळ्यांना उपवास, मासळीचे नाव काढायचे नाही. पन्नास वर्षे त्रिशरण-पंचशील म्हणत आलेल्या एका आजींना आरतीला बसावे लागे. त्यांनी कोनाड्यात ठेवलेला बाबासाहेबांचा फोटो 'इथे सामायिक जागेत वैयक्तिक फोटो नकोत' म्हणून पेटीत ठेवायला लावला. सामायिक भिंतीवर मात्र देवांच्या तसबिरी होत्याच.

ज्या माणसाने मंदिराच्या पायरीवर उभे राहणे नाकारून माणूसपण मिळवले, त्याला आयुष्याच्या शेवटी अन्नासाठी आणि खाटेसाठी पुन्हा त्याच पायरीवर बसावे लागावे, याहून मोठा पराभव कोणता? छपराबरोबर सन्मान आला नाही, तर ते छप्पर उपकाराचे होते. आणि उपकाराच्या छपराखालून बाहेर पडण्यासाठीच आपली सगळी चळवळ झाली.

आपल्याकडे वारसा आहे

आता आपण काय करू शकतो ते पाहू. निवासी संस्था उभारण्याचा मोठा अनुभव आपल्या चळवळीकडे आहे. राजर्षी शाहूंनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ ची, आणि १९२५ च्या जानेवारीत तिचे वसतिगृह सोलापुरात उघडले. सभेने एवढ्या लवकर वसतिगृहच का उघडले? शाळेचे दार उघडूनही राहायला खोली नसेल तर पोर शिकू शकत नाही, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. राहण्याची जागा ही मुक्तीची अट आहे, हे त्यामागचे सूत्र. त्या वसतिगृहांनी दोन-तीन पिढ्या घडवल्या. आज त्याच पिढ्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. तेव्हा पोरांसाठी जे सूत्र लागू केले, ते आज त्यांच्यासाठी लागू करायचे आहे.

सुरुवात मोजणीने करू. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक वस्तीतल्या युवक मंडळाने साठीपुढच्या प्रत्येकाची नोंद करावी. कोणाबरोबर राहतात, घर कोणाच्या नावावर, पेन्शन आहे का, आधार-रेशनकार्डावरचे वय जुळते का, संडास घरात आहे की बाहेर, जिने किती, एकटे असतील तर आजारपणात कोण येते. एका वस्तीला दोन रविवार पुरतात. समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. ज्या समाजाची मोजणी दुसरे करतात, त्याच्या मागण्याही दुसरेच ठरवतात.

दुसरे, विहारांची दारे उघडू. वर्गणी काढून, श्रमदान करून उभारलेली आपली किती विहारे आणि समाजमंदिरे बुद्धपौर्णिमा, जयंती आणि वर्षावास सोडले तर कुलूपबंद असतात? ती वीट ज्यांनी डोक्यावर वाहिली तेच आज पडवीत बसून आहेत. विहार रोज सकाळी दहा ते पाच उघडे ठेवा. चार खुर्च्या, एक खाट, वर्तमानपत्र, चहा, रक्तदाब तपासायचे यंत्र, धरायला दांडी असलेला कमोड आणि पायऱ्यांशेजारी उतार. एवढ्याने पन्नास म्हाताऱ्या माणसांचा दिवस बदलतो, आणि घरातल्या सुनेला आठ तासांची उसंत मिळते. दुपारच्या जेवणाची सोय महिला मंडळाकडे द्यायची तर त्या बायांना त्याचा मोबदला द्यावा. धम्माच्या नावावर बायकांचे श्रम फुकट वापरायचे, तर मग जुन्या व्यवस्थेत आणि आपल्यात फरक काय?

तिसरे, कागदाचे काम. २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि निर्वाहाच्या अर्जावर ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदाच सांगतो. याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळू शकते. म्हणून खोली किंवा घरकुल मुलाच्या नावावर करायचेच असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. ती अट लिहिलेली नसली की कोर्टात म्हाताऱ्यांची बाजू कशी लंगडी पडते, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे. त्याच वेळी हे हत्यार सुनेला घराबाहेर काढायला वापरले जात नाही ना, यावरही लक्ष ठेवा. राहत्या घरावरचा तिचा हक्क या कायद्याच्या आडून डावलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितले आहे.

चौथे, स्वतःचे ज्येष्ठ निवास. शंभर एकरांवरचे, गावापासून दूर नकोत. वस्तीतच, विहाराला लागून, पंधरा-वीस-पंचवीस माणसांचे. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत पंचवीस ज्येष्ठांचे निवास चालवणाऱ्या संस्थांना अनुदानाची सोय आहे. आपल्या नोंदणीकृत संस्था त्यासाठी अर्ज का करत नाहीत? तिथे कोणत्याही जातीधर्माचा निराधार माणूस यावा. वंदना ज्याला हवी त्याने करावी, सक्ती कोणालाही नको. आपल्याला जे सोसावे लागले ते आपल्या दारात दुसऱ्याला सोसावे लागू नये.

आणि पाचवे, रस्त्यावरची मागणी. उत्पन्नाची २१ हजारांची मर्यादा बदला. कलम १९ मधले 'करू शकेल' काढून 'करील' करा. पुनर्वसनात चालता न येणाऱ्या ज्येष्ठांना खालचे मजले द्या. सफाई कामगारांची निवृत्तीनंतरची घरे त्यांच्या नावावर करा. गायरानावरची घरे नियमित करा. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवण्याऐवजी त्यातून वस्त्यांत ज्येष्ठ निवास बांधा. आमदार-नगरसेवकाकडे कमान आणि पेव्हर ब्लॉक मागायचे थांबवून एकदा हे मागून बघा.

'मोठे प्रश्न आधी'

आम्ही हे मांडले की आपलेच काही साथी म्हणतात, 'अत्याचार वाढलेत, आरक्षण संपवले जातेय, संविधान धोक्यात आहे, आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या खाटा मोजताय?' हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. कार्यकर्ते थोडे आहेत, अंगावर येणारे प्रश्न रोज नवे आहेत. पण संविधान वाचवायचे म्हणजे काय वाचवायचे? कलम ४१ त्यातच आहे. गायरान, मजुरी, सफाईकाम, घरभाड्यातला जातिभेद, स्त्रियांचे फुकट श्रम, हे सगळे आपलेच जुने प्रश्न आहेत. म्हातारपणी ते सगळे एकाच खाटेवर येऊन साचतात, एवढेच. शिवाय कार्यकर्ता मुलगा रात्री मोर्चाहून घरी येतो तेव्हा त्याची आई कुठे झोपली आहे, यावर त्याची चळवळीतली वर्षे ठरतात. घरातल्या म्हाताऱ्यांच्या ओझ्याने किती चांगली पोरे आणि त्याहून जास्त चांगल्या पोरी चळवळीतून गळाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप आपल्या सुस्थितीतल्या बांधवांकडून येतो. ते म्हणतात, 'आम्ही आमच्या आईवडिलांना नीट ठेवले आहे, ज्याने त्याने आपापले बघावे.' सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आईवडिलांना खोली दिली असेल तर चांगलेच आहे. पण तुमच्या फीचे पैसे वर्गणीतून गोळा करणारे वस्तीतले ते दहा-वीस लोक आठवतात का? सगळ्या वस्तीने मिळून एक पोर शिकवले, आणि त्या पोराने म्हातारपण मात्र फक्त स्वतःच्या आईवडिलांचे पाहिले. 'पे बॅक टू सोसायटी' या शब्दांचा अर्थ जयंतीची पावती फाडण्यापुरता नाही. तुम्ही ज्या वस्तीतून निघालात तिथल्या विहाराला महिन्याचे पाचशे रुपये द्या, आणि ते ज्येष्ठांच्या जेवणासाठीच वापरले जातात ना, याचा हिशेब मागा. दान द्या आणि हिशेबही मागा, दोन्ही आपल्या परंपरेत बसते.

तरुण मित्रमैत्रिणींनो, आपण पुस्तके वाचून, रील्स पाहून चळवळीत आलो. या माणसांनी मार खाऊन, उपाशी राहून ती आपल्यापर्यंत आणली. त्यांच्याकडून इतिहास ऐकायला आपण रेकॉर्डर घेऊन जातो, मुलाखत घेतो, यूट्यूबवर टाकतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलाखत संपल्यावर आणखी तीन प्रश्न विचारा. बाबा, हे घर कोणाच्या नावावर आहे? पेन्शन मिळते का? रात्री काही झाले तर कोणाला हाक मारता? उत्तरे लिहून घ्या आणि येत्या रविवारी मंडळाच्या बैठकीत ठेवा. मोजणीचा पहिला कागद तोच असेल.

जय भीम!